थोरली की धाकटी

आमचे साडू मंगळवारी सकाळी गेले. ताईंनी चहा गाळला, हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही. आम्ही पनवेलला त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा पेपर मांडीवर होता आणि चष्मा डोळ्यांवर होता.

याला आता वर्ष होत आलं. भेटायला आलेले लोक म्हणाले, दुःख हळूहळू निवतं. माझ्या दुःखाचं काय चाललं आहे ते मला अजून दिसलेलंच नाही, कारण त्याच्यापुढे माझा राग उभा आहे. मी मुळात रागावणारा माणूस नाही. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. मोठ्यानं बोलणाऱ्याला गप्प करायचं एवढाच माझा अधिकार, आणि तोही मी ओठांवर बोट ठेवून वापरला. पण या गृहस्थांनी मला रागवायला शिकवलं, त्या विद्येत जरा बरा तयार केलं, आणि मग स्वतः उठून गेले. आता हा राग मी कुणाकडे घेऊन जायचा?

सुधारणा या शब्दाचा इतका मनःपूर्वक तिटकारा असलेला माणूस पनवेलमध्येच काय, सबंध जगात दुसरा झाला नसेल. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि साडू तिचे यजमान. रसायनांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेले. चालू असलेल्या यंत्राला हात लावू नये, हा त्यांचा धर्म होता, आणि जग सतत चालू यंत्रांना हात लावत असे. टूथपेस्टचं फिरकीचं टोपण जाऊन उघडझाप करणारं टोपण आलं, त्या दिवशी ते दुकानदाराशी भांडून आले. त्यांच्या आवडत्या मिसळवाल्यानं मिसळीवर दही घालायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी दह्याची वाटी वेगळी काढून त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "हे तुमचं आमच्याकडे आलंय." सोसायटीत बोलणारी लिफ्ट बसवली. दार उघडं राहिलं की त्यातली बाई गोड आवाजात दार लावायला सांगायची. साडू तिसऱ्या मजल्यावर राहत. ते तिला रोज उत्तर देत. "लावतोय! तुमच्या आधीपासून लावतोय!" मग त्यांनी निषेध म्हणून जिना धरला.

या सगळ्या रागाचं मुख्य दैवत मात्र एक गाडी होती. जपानी, दोन दारांची, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी. अशी गाडी आपल्याकडे कुणी विकत नसे. परदेशात नोकरी-धंदा करून परतणारी माणसं घरच्या सामानाबरोबर कधीमधी एखादी घेऊन येत, आणि हौस फिटली की विकायला काढत. त्या गाडीचं आधी एक रूप निघालं होतं आणि काही वर्षांनी कंपनीनं सुधारून दुसरं काढलं होतं. साडू पहिलीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. थोरलीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असत. बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येत. ती बुटकी, हलकी, रस्त्याला चिकटून बसलेली. स्टिअरिंग मनगटाच्या जोरावर फिरवायचं. धाकटीचे दिवे कायमचे उघडे, अंगानं भरलेली, दार रुंद, आसन चांगलं वीतभर उंच आणि स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं. गाडीसाठीचे पैसे साडूंनी निवृत्त झाल्यावर बाजूला काढून ठेवले होते. त्याबद्दल घरात वाद नव्हता. वाद होता तो एवढाच, की थोरली घ्यायची की धाकटी. तो सात-आठ वर्षं चालला.

खरं तर वाद कसला! दुसरी बाजू कुणी मांडतच नव्हतं, म्हणून ती मला मांडावी लागे. मी म्हणायचो, "अहो, पुस्तकाची दुसरी आवृत्ती नेहमी बरी. पहिलीतल्या चुका निघालेल्या असतात."

"ग्रंथपाल," ते म्हणायचे (मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही), "तुमचे लोक चुका काढतात. या लोकांनी गाडीतले गुण काढले. डोळे मिटणारी गाडी होती. का हो काढलं ते? कुणाला त्रास होत होता? झोपलेल्या माणसाच्या पापण्या कापण्यातला प्रकार आहे हा!"

एका दिवाळीत फराळाला बसलेले असताना त्यांना या विषयाची उबळ आली. "थोरलीत जी जान आहे ती धाकटीत नाही," ते ओरडले. "धाकटी म्हणजे नुसती गुबगुबीत!"

माझी बायको चकल्यांचा डबा घेऊन दारात उभी होती. "भावोजी," ती म्हणाली, "चकल्या परत नेते."

"अगं, गाडीबद्दल बोलतोय!"

"कळलं हो. पण आवाज फारच मनापासून लागला होता."

"आणि माझ्यात जान आहे," ताई आतून म्हणाल्या, "हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. करंजी घ्या."

वेगवान गाडीचा हा भक्त स्वतः कसा गाडी चालवत असे, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे एक छोटी लाल गाडी होती. ती त्यांनी कधी जोरात हाकल्याचं मला आठवत नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर आम्ही डावीकडून जात असू आणि मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून आमच्या पूर्वजांची चौकशी करत असत. मी एकदा विचारलं, "मग तुम्हाला ती गाडी कशाला हवी?" त्यावर ते इतके चिडले की त्यांनी गाडी कडेला घेतली. "वेग हा गाडीचा गुण आहे, माणसाचा नव्हे," ते म्हणाले. "तुमच्या ग्रंथालयात ज्ञानकोश आहे ना? तुम्ही तो सगळा वाचला?" पुढे चहाच्या टपरीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते इंटरनेट शिकले, ते केवळ या गाडीसाठी. जगभरातले तिचे वेडे एका ठिकाणी लिहीत, तिथे यांची स्कॉटलंडमधल्या कुणा गृहस्थाशी गाठ पडली. तो धाकटीच्या बाजूचा. साडू दोन बोटांनी टाइप करून त्याची सालं काढत, आणि तिकडून उत्तर आलं की मला फोन. "बघा काय लिहितोय! म्हणे पाठीला बरी पडते! हा गाडी घेतोय की गादी?" पण दिवाळीत त्याला शुभेच्छा पाठवायला ते विसरत नसत. मी हसलो तर म्हणाले, "भांडण भांडणाच्या जागी. सण त्याला कुठून माहीत असणार? आपण सांगायला नको?"

गाडी कुठे विकायला निघाल्याची बातमी आली की आम्ही दोघं बघायला जायचो. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, ताईंनी दिलेला पोळीभाजीचा डबा घेऊन. ठाण्याला गेलो, पुण्याला गेलो, एकदा पार कोल्हापूरला जाऊन आलो. ते बॉनेटवर कान ठेवत, डिकीत डोकं घालून वास घेत, आणि शेवटी मालकाला असा काही प्रश्न विचारत की व्यवहार तिथेच संपे. थोरली असली तर म्हणत, "हिला तुम्ही नीट ठेवली नाहीत." धाकटी असली तर म्हणत, "हिला तुम्ही घेतलीतच का?" पुण्याच्या एका मालकानं आम्हाला हात जोडून फाटकाबाहेर काढलं. साडू परतीच्या वाटेवर डबा उघडून म्हणाले, "माणूस सच्चा होता. गाडीवर प्रेम आहे त्याचं."

आणि मग एका भाद्रपदात दोन्ही गाड्या एकदमच घराजवळ आल्या. धाकटी पनवेलमध्येच होती. मोम्बासाला उभं आयुष्य दुकान चालवून परतलेले एक कोकणी मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत, त्यांची. थोरली आपट्याला, पाताळगंगेच्या काठावर, जहाजावरून निवृत्त झालेल्या एका कप्तानाच्या शेतघरात. कप्तान मुलीकडे परदेशी राहायला गेला होता आणि गाडी राखणदाराच्या ताब्यात होती.

आम्ही आधी आपट्याला गेलो. शेडमध्ये कांद्याची पोती होती आणि त्यांच्यामागे ती होती. लाल रंग उडून विटकरी झालेला, टपावर दोन कोंबड्या. राखणदारानं पोती बाजूला करून पुढून वाट केली. बटण दाबलं. एक दिवा वर आला.

"येकच डोला उगडतंय सायेब," राखणदार म्हणाला. "दुसरा नाय. बॅटरी पन बसत आलीय. आन् आतमदी बी पोती हायेत, आज बसाया नाय जमायचं."

"डोळा मारतेय ती मला," साडू म्हणाले. मी त्यांचा चेहरा इतका निवळलेला कधी पाहिला नव्हता.

"कोंबऱ्या हाकलू का?"

"राहू द्या. कोंबड्यांना चांगली वस्तू कळते."

"तं आयतवारी या. तवर आमी समदं धुवून काडतो, बॅटरी भरतो. पन नक्की या हां, नाशिकचा येक जन पन इचारतोय."

परत येताना आम्ही चाचांकडे थांबलो. धाकटी अंगणात चादर पांघरून होती, तुकतुकीत, सुरू केली की मांजरासारखी गुरगुरणारी. चाचांनी सरबत दिलं. "बसून बघा जनाब," ते म्हणाले. "गाडी लांबून बघायची चीज नाही." साडू बसले नाहीत. "चांगली ठेवलीय," एवढंच म्हणाले, आणि तेही असं, की जणू चाचांनी शेजाऱ्याचं मूल सांभाळलं होतं.

रविवारच्या आधी साडूंकडे गौरीचं जेवण होतं. त्या घरात आता सगळे टेबलावर जेवत. साडूंनी त्या दिवशी माळ्यावरून पाट काढायला लावला. त्यावर सतरंजीची घडी टाकली, पट्टी लावून उंची मोजली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की थोरलीचं आसन जमिनीपासून बरोबर इतकंच वर आहे. "आमची पिढी पंगतीला बसून वाढलेली आहे," ते म्हणाले. "पंगतीत जेवणाऱ्या माणसाला गाडी खाली आहे म्हणून कोण घाबरवतंय? आज आम्ही थोरलीत बसून जेवणार!" आणि कद नेसलेले आमचे साडू पाटावर बसून गाडीतल्यासारखे पाय समोर सोडायला लागले.

"गौरीपुढे पाय पसरून?" ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पाट आडवा फिरवला आणि भिंतीकडे पाय केले. मुलं हसली. नातलग मंडळी टेबलावर, हे खाली, अशी पंगत झाली. जेवले झकास. पुरणपोळीवर पुन्हा पोळी घेतली. टेबलावरचे एकेक जण उठले, हात धुऊन आले, विडा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. साडूंनी थोडा भात मागितला. भात संपल्यावर मठ्ठा मागितला. मठ्ठा संपल्यावर पानात काही नसताना ते कोशिंबिरीच्या जागेकडे बघत बसले. मी सावकाश जेवणारा, म्हणून अजून टेबलावर होतो. ताई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या.

"ग्रंथपाल," साडू हळू म्हणाले. "ते दार लोटा."

मी बाहेरच्या खोलीचं दार लोटलं. त्यांनी हात पुढे केला. मी ओढलं. ते अर्धे उठले आणि परत बसले. दुसऱ्यांदा पाट सरकला. शेवटी ते कुशीवर वळले, दोन्ही हात जमिनीवर टेकले, गुडघ्यांवर आले, दिवाणाची कड धरली आणि तसे, एकेक पाय गोळा करत, उभे राहिले. कदाच्या निऱ्या नीट केल्या. त्यांचा श्वास लागला होता. मी ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत होतो.

"पाटच बेकार आहे," ते म्हणाले. "हलक्या लाकडाचा. सरकतो. पूर्वी शिसवी पाट असायचे, जागचे हलायचे नाहीत. आता पाटाचीसुद्धा सुधारणा केलीय या लोकांनी!"

"हो," मी म्हणालो.

"कुणाला बोलू नका."

"नाही."

रविवारी आम्ही आपट्याला गेलो. राखणदारानं शब्द पाळला होता. थोरली शेडबाहेर उन्हात उभी होती, धुतलेली, कांद्याचं साल कुठे नाही. त्यानं बटण दाबलं आणि दोन्ही डोळे एकदम उघडले. साडू बराच वेळ समोर उभे राहिले. मग दाराशी गेले, दार उघडलं, आसनाकडे पाहिलं. मी त्यांच्या मागेच होतो. त्यांनी एक हात टपावर ठेवला, एक पाय उचलला, आणि परत खाली ठेवला.

आणि मग ते भडकले. "रंगाची काय अवस्था आहे ही! छप्पर विरलंय! आणि हे काय, कोंबड्यांनी घाण केलीय सगळी टपावर! गाडी आहे की खुराडं?"

राखणदार गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "अवो सायेब, तुमीच बोल्लात ना, कोंबऱ्या ऱ्हाऊ दे म्हनून?"

"मी बोललो म्हणून काय झालं! तुम्हाला कळायला नको? नाशिकवाल्याला देऊन टाका ही!"

सात-आठ वर्षांत थोरलीविरुद्ध त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. परत येताना ते गाडी अशी चालवत होते, की ट्रकवाल्यांनी आमच्याबद्दलची मतं बदलली असती. पनवेलला आल्यावर घराकडे न वळता ते थेट चाचांच्या दारात थांबले. दार उघडून धाकटीत बसले. उतरले. पुन्हा बसले. पुन्हा उतरले. एकदाही हात टेकावा लागला नाही. "घेतो," म्हणाले, आणि तेही असं, की जणू कुणी त्यांना दंड ठोठावला होता.

घरी सांगितलं, ताईंच्या गुडघ्यांसाठी धाकटी घेतली. सगळ्यांना फार बरं वाटलं. स्कॉटलंडच्या गृहस्थालाही त्यांनी तेच कळवलं, आणि त्यानं उलट अभिनंदन केल्यावर चार दिवस त्याच्याशी अबोला धरला.

तो एक हिवाळा त्यांनी धाकटी चालवली. गाडीत दोघांचीच जागा, त्यामुळे एक दिवस ताई डोक्याला रुमाल बांधून, एक दिवस मी. सबंध वेळ तिची उणीदुणी. "हिचे डोळे मिटत नाहीत, ही झोपते कधी?" "हे स्टिअरिंग म्हणजे रस्त्याशी फोनवर बोलल्यासारखं आहे." पण करंजाड्याकडे त्या वेळी नव्या वसाहतीचे मोकळे रस्ते आखलेले होते, घरं अजून उठायची होती. तिथे एका संध्याकाळी छप्पर मागे टाकून आम्ही निघालो, आणि त्या सबंध रस्त्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. रस्ता संपला तिथे मी म्हटलं, "छान आहे हो." ते म्हणाले, "वाईट नाही." मग खोकल्यासारखं करून म्हणाले, "पण थोरली थोरलीच."

त्याच हिवाळ्याच्या शेवटी तो मंगळवार आला.

दहाव्याच्या दिवशी घाटावरून परतत नाही तोच सोसायटीतले एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, गाडी काढणार असाल तर आधी आम्हाला सांगा." ओठांवर बोट ठेवण्याइतकं भान मला राहिलं नाही. मी जे बोललो ते साडूंनी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. दुसरे एक जण म्हणाले, म्हातारपणी काय काय हौशी असतात. तिसऱ्या बाई म्हणाल्या, बायकोच्या गुडघ्यांसाठी आयुष्यभराची आवड सोडली, देवमाणूस होता. याचा मला सगळ्यांत जास्त राग आला. देवमाणूस कसला! पाटावरून उठता न येणारा, त्याची भयंकर चीड येणारा आणि ती चीड पाटावर, कोंबड्यांवर आणि बिचाऱ्या राखणदारावर काढणारा माणूस होता तो. त्याला गुळगुळीत करून त्याची सुधारलेली आवृत्ती आमच्या हातात कसली देता? अहो साडू, कुणाला बोलू नका म्हणाला होतात, आणि मी आज सगळ्यांना सांगतो आहे. या, रागवायला या.

मागच्या महिन्यात मी हे ताईंजवळ बोलून गेलो. म्हटलं, गुडघ्यांचं ते खरं नव्हतं. ताई गवार मोडत होत्या. "मला काय सांगता," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे आजही ठणठणीत आहेत. मी गौरीच्या दिवशी आत एकच पातेलं किती वेळ विसळत होते, ते तुम्हाला ठाऊक नाही. मी बाहेर आले असते तर हे पुन्हा कधी जेवायला बसले नसते माझ्यासमोर." थोडी गवार मोडून झाल्यावर म्हणाल्या, "सगळ्यांना सांगत होते, बायकोचे गुडघे, बायकोचे गुडघे. मीही मग चारचौघांत जरा लंगडून घ्यायची."

थोरली नाशिकला गेली. धाकटी सोसायटीत खाली उभी आहे. दोन्ही घरांत गाडी कुणाला चालवता येत नाही. रविवारी मी पनवेलला जातो, ताई आणि मी तिच्यावरचं कापड काढतो, तिला पुसतो आणि कापड परत घालतो.